नोंद हवी, जाहिरात नको

बोर्नव्हिटासारख्या चॉकलेटी पेयाला ज्ञानकोशात स्वतंत्र नोंद असावी काय? ‘बाजारू वस्तूला कोशात स्थान कशाला?’ असे विचारणारे विद्वान बाजाराचेच काम सोपे करतात. कोश मौन पाळतो तेथे जाहिरात हीच माहिती ठरते. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना बोर्नव्हिटासह अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गातून वगळण्यास सांगितले. कारण २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात या शब्दाची व्याख्याच नाही. कायद्यात नसलेला अर्थ घराघरांत कोणी रुजविला, हे सांगणे कोशाचेच कर्तव्य होय.

मात्र निव्वळ लोकप्रियता हा नोंदीचा निकष नव्हे. ही भुकटी दुधात मिसळूनच मुलांपुढे येते. आणि त्याच वर्षी जुलैत अहिल्यानगर जिल्ह्यातील कोतूळ येथे दूध उत्पादक लिटरला ४० रुपये भावासाठी धरणे धरून बसले होते. डब्याची किंमत विकणारा छापतो; दुधाचा भाव मात्र घेणारा ठरवितो. हा भेद सांगणारी नोंद अवश्य असावी. तो दडविणारी नोंद म्हणजे लोकांच्या पैशाने छापलेली कंपनीची जाहिरात!