अंगणातलं सोनं

दसऱ्याला ‘सोनं’ म्हणून घरात येणारी पानं एकदा निरखून बघा. तळहाताएवढी, पातळसर असतील तर ती बहुधा आपट्याची नाहीतच, कांचनाची आहेत. आपट्याचं पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त. दोघं एकाच कुळातले, दोघांचंही पान टोकाशी दुभंगलेलं, म्हणून बाजारात एकाच्या नावावर दुसरं खपतं. आपट्याच्या फांद्या मिळेनात की कांचन ओरबाडायचा, संध्याकाळी पानं वाटायची आणि सकाळी केरात टाकायची, हे दरवर्षी चाललंय.

मैत्रिणींनो, यावर सभा आणि ठराव नकोत. जिच्या दारापुढे दहा फूट मोकळी जागा आहे, तिने एक कांचन लावावा. मग सणापुरती चार पानं फांदी न मोडता आपल्याच झाडाची.

“पाण्याचं काय?” धाराशिव जिल्ह्यातली बाई हे पहिलं विचारणार, आणि विचारलंच पाहिजे. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते कोण विसरेल? झाड लावताना फोटोला सगळे उभे राहतात, टँकरमागे घागर घेऊन मात्र बाईच पळते. म्हणून अंगणात काय जगेल, काय नाही, हे ठरवायचा हक्कही तिचाच. कांचनाला पहिले दोन उन्हाळे जपावं लागतं. जुन्या मडक्याच्या तळाला भोक पाडून त्यात चिंधीची वात घाला, रोपापासून वीतभर अंतरावर ते गळ्यापर्यंत पुरा आणि भाजी धुतलेलं पाणी गाळून त्यात ओता. साबणाचं पाणी नको. मुळं खोल गेली की झाड आपलं आपण बघतं.

दुसरी तक्रार कचऱ्याची. ती खोटी नाही. थंडी सरताना पानगळ होते, झाडावं लागतं. पण त्याच सुमारास, माघ-फाल्गुनात, त्या उघड्या फांद्यांवर गुलाबी-जांभळी फुलं येतात, आणि एका पाकळीवर गडद रेघा असतात. मधमाश्या दिवसभर घोंघावतात. सुनं, तापलेलं अंगण तेवढे दिवस वेगळंच दिसतं.

रोप विकतच आणायला पाहिजे असं नाही. उन्हाळ्यात शेंगा तडकून बिया उडतात, त्या वेचून ठेवा. रात्रभर भिजवून दुधाच्या पिशवीत लावा, पिशवीला खाली भोकं पाडा. पाऊस लागला की दोन फुटी खड्ड्यात हलवा. जमीन काळी, पाणी धरून ठेवणारी असेल तर मातीत मुरूम मिसळा, कारण पाणी साचलेलं कांचनाला सोसत नाही. भिंतीपासून आठ-दहा फूट लांब ठेवा. अंगणभर फरशी घातली असेल तर दोन फुटांचा चौकोन उकरावाच लागेल. त्यावर घरात वाद होईल, होऊ द्या! तीन-चार वर्षांत फुलं येतात. छाटणी फुलं सरल्यावर करावी. जागा अगदीच थोडी असेल तर पांढरा कांचन लावा, तो झुडूपच राहतो.

लेक अमेरिकेत असेल तर तिने वसंतात पाठवलेले ‘रेडबड’चे फोटो तुम्ही पाहिले असतील. बिनपानांच्या फांद्यांना, अगदी खोडालासुद्धा गुलाबी फुलं! ओक्लाहोमा राज्याचा तो राज्यवृक्ष. आपल्या कांचनाचं लांबचं भावंडच, पण त्याला कडक थंडी लागते. त्याचं बी मागवण्याच्या भानगडीत पडू नका.

शिवाय कांचनाच्या कळ्यांची भाजी होते. उत्तरेत ‘कचनार’ म्हणून ती आवडीने खातात. कळ्या उकडून पाणी टाकून द्या, तुरटपणा जातो. मग कांदा, शेंगदाण्याचं कूट आणि आपलं काळं तिखट. निम्म्या कळ्या मात्र झाडावर राहू द्या, नाहीतर फुलं बघायला शेजारणीच्या दारात जावं लागेल.