एकोणसाठ दिवसांचे आयुष्य

प्राण्याचे मोल त्याच्या आकारावरून ठरविण्याची सवय माणसास फार जुनी आहे. प्रवाळभित्तीचे नाव निघताच शार्क, कासवे, फार तर झगझगीत रंगांचे मासे डोळ्यांपुढे येतात. खडकाच्या खाचेत तळाशी बसून राहणारा, दोन सेंटिमीटरही लांबी नसलेला गोबी कोणास आठवत नाही. कोकणातील खाड्यांच्या चिखलावर उड्या मारणारी निवटी ज्यांनी पाहिली आहे, त्यांस या गोताची थोडीबहुत ओळख आहे असे म्हणता येईल. ती ओळख पुष्कळदा ताटातच होते, ही गोष्ट वेगळी.

हिंदी व प्रशांत महासागरांत एव्हिओटा या वंशाच्या शंभरांहून अधिक जाती आहेत. त्यांपैकी एव्हिओटा सिजिलाटा या ग्रेट बॅरिअर प्रवाळभित्तीवरील जातीच्या आयुर्मानाचा हिशेब मार्शल डेप्झिन्स्की व डेव्हिड बेलवूड या संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केला. माशाच्या कानात एक सूक्ष्म चुनखडा असतो. झाडाच्या खोडात वर्षागणिक वलय वाढावे, तसे त्या खड्यावर दिवसागणिक वलय चढते. ही वलये मोजली असता सर्वांत वृद्ध माशाचे वय भरले अवघे ५९ दिवस! त्यांतील पहिले तीन आठवडे उघड्या समुद्रात डिंभावस्थेत जातात. मग मासा खडकावर उतरतो, एक-दोन आठवड्यांत प्रौढ होतो आणि उरलेल्या साडेतीन आठवड्यांत सारा प्रपंच उरकतो. मादी जन्मभरात सुमारे ४०० अंडी घालते. राखण नर करतो.

इतक्या अल्पायुषी जीवाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. सायमन ब्रँडल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली दाखविले की, प्रवाळभित्तीवर जेवढे मत्स्यमांस भक्षिले जाते, त्यातील जवळजवळ ६० टक्के अशा तळाशी दडून राहणाऱ्या चिमुकल्या माशांचे असते. एका वेळी मोजावे तर त्यांचे वजन नगण्य. पण खाल्ला गेलेला मासा भरून काढणारी पिले भित्तीच्या जवळपासच वाढत असतात. पेढीवर शिल्लक थोडी, उलाढाल मात्र मोठी, असा हा व्यवहार आहे.

म्हणूनच आखलेल्या रेषेवरून पोहत जाऊन दिसतील तेवढे मासे मोजण्याची प्रचलित पद्धत अपुरी मानली पाहिजे. गोबी मोजावयाचा तर खडकाचा तुकडा बारीक जाळ्याने झाकून, लवंगेच्या तेलाने मासे बधिर करून, एकेक वेचावा लागतो. हे काम वेळखाऊ आहे, हे खरे. लोकांच्या पोटाशी संबंध मोठ्या माशांचा, तेव्हा आधी तेच मोजावे, हा आक्षेपही वरवर सयुक्तिक वाटतो. परंतु त्या मोठ्या माशांचे पोट कशावर भरते, हे त्यात विसरले जाते. लक्षद्वीप, अंदमान-निकोबार, मन्नारचे आखात व कच्छचे आखात येथील प्रवाळभित्तींच्या प्रत्येक पाहणीत या माशांसाठी स्वतंत्र रकाना असावयास हवा.

१९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी समुद्र तापून लक्षद्वीपचे प्रवाळ पांढरे पडले. अशी उष्णता कित्येक आठवडे टिकते. माणसाच्या पंचांगात तो एक ऋतू. एव्हिओटाच्या हिशेबी ते अख्खे आयुष्य. वर्षाने पाणबुड्या पुन्हा त्याच खडकापाशी उतरतो, तोवर तेथे किमान सहा पिढ्या होऊन जावयास हव्या होत्या. त्या झाल्या की नाहीत, हे मोठे मासे मोजून कळत नाही.