जुन्या कर्नलच्या संगणकांवर लोकांचे कागद नकोत : सातारा-सांगलीतील संगणकधारकांना जाहीर आवाहन

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा. संगणक सुरू झाला की तो मेमरीत जाऊन बसतो आणि मशीन बंद होईपर्यंत तिथून हलत नाही. ब्राउझर, टॅली, प्रिंटर, बोटांचे ठसे घेणारे यंत्र अशा प्रत्येकाला मेमरीतला आपापला तुकडा तोच नेमून देतो आणि एका प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या तुकड्यात डोकावू देत नाही. ही आडकाठी मोडेल असा दोष राहून गेला, तर एखादा क्षुल्लक प्रोग्रॅमही शेजारच्याचा, इतकेच काय खुद्द कर्नलचा, मजकूर वाचू शकतो.

मेमरीत काय असते, हे पाहिले की या दोषाचे वजन कळते. डिस्कवरची फाइल सांकेतिक करून ठेवलेली असली तरी वापरताना ती मेमरीत उघडीच असते. नेट बँकिंगचा पासवर्ड, डिजिटल सहीच्या टोकनचा पिन, स्कॅन केलेले आधार कार्ड हे सारे कधी ना कधी तिथून जाते. जूनमध्ये विटा, तासगाव, कोरेगाव, वडूज इथल्या केंद्रांवर उत्पन्नाच्या, जातीच्या, नॉन-क्रिमीलेअरच्या दाखल्यांसाठी रांग लागते. एका कुटुंबाचा अर्ज भरून होतो न होतो तोच दुसऱ्याची रेशनकार्डे स्कॅनरवर येतात. त्या मशीनची मेमरी वाचणाऱ्याला एका माणसाची नव्हे, सबंध रांगेची माहिती मिळते. शिवाय वाचून नेल्याने काहीच नाहीसे होत नाही. फाइल जागेवर असते, मशीन नेहमीसारखे चालते, म्हणून तक्रार करायलाही कोणी जात नाही.

या प्रकारातला सर्वांत गाजलेला दोष म्हणजे 3 जानेवारी 2018 रोजी जाहीर झालेला मेल्टडाउन. ऑस्ट्रियातील ग्राझचे तंत्रविद्यापीठ, गुगलचा प्रोजेक्ट झिरो गट आणि जर्मनीतील सायबरस टेक्नॉलॉजी यांनी तो स्वतंत्रपणे शोधला. त्याचे मूळ मुख्यतः इंटेलच्या प्रोसेसरमध्ये होते. वेळ वाचावा म्हणून प्रोसेसर पुढच्या सूचना आधीच करून ठेवतो आणि परवानगी आहे की नाही, हे नंतर तपासतो. दप्तरखान्यातल्या कारकुनाने मागणी येताच गठ्ठा काढून ठेवावा आणि मागणाऱ्याला अधिकार नाही हे कळल्यावर तो परत ठेवावा, तसे हे. कागद हाती पडत नाही, पण कोणत्या कप्प्यावरची धूळ हलली ते दिसते. प्रोसेसरच्या कॅशमध्ये, म्हणजे त्याच्या जवळच्या तात्पुरत्या साठ्यात, अशीच खूण उरते. कोणता भाग वाचायला किती वेळ लागतो हे मोजून मजकूर एकेक बाइट करून उकलता येतो. त्यावर उपाय म्हणून कर्नलचे पत्ते सामान्य प्रोग्रॅमच्या मेमरीच्या नकाशातूनच काढून टाकण्यात आले. लिनक्स, विंडोज आणि मॅक तिन्हींनी हाच मार्ग धरला.

पुढे जे झाले ते या दोन जिल्ह्यांना अधिक लागू पडते. विंडोज 7 च्या 64-बिट आवृत्तीसाठी मायक्रोसॉफ्टने जानेवारी 2018 मध्ये दिलेल्या दुरुस्तीतच चूक होती. मेमरीचा नकाशा ज्या तक्त्यात असतो, त्या तक्त्याच्या एका नोंदीवर 'फक्त कर्नलसाठी' ऐवजी 'सर्वांसाठी' अशी खूण पडली. मग कोणत्याही प्रोग्रॅमला सगळी मेमरी वाचता तर येऊ लागलीच, बदलताही येऊ लागली. स्वीडनचे संशोधक उल्फ फ्रिस्क यांनी हे उघड केले आणि 29 मार्च 2018 रोजी दुरुस्तीची दुरुस्ती आली. जानेवारीचे अपडेट घेऊन मार्चचे न घेणारी मशीन सर्वांत वाईट अवस्थेत राहिली. 'एकदा अपडेट मारून दिले, आता बंद करून ठेवले' हे दुरुस्तीवाल्याचे वाक्य ज्यांनी ऐकले असेल, त्यांना यातला धोका वेगळा सांगायला नको.

असा दोष मशीनमध्ये असला तरी सहसा बाहेरून थेट त्याचा फायदा घेता येत नाही. आधी तिथे काहीतरी चालावे लागते : क्रॅक केलेले सॉफ्टवेअर, गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह, ईमेलमधून आलेली बनावट पावती. एकदा आत आल्यावर मेमरीतला मजकूर काय करू शकतो, हे महाराष्ट्राने 27 जून 2017 नंतर पाहिले. नॉटपेट्या नावाच्या हल्ल्यात उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. त्या प्रोग्रॅमने विंडोजमधल्या एका जुन्या दोषाचा फायदा घेतला, ज्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी 14 मार्चला दिली होती. त्याखेरीज तो एका मशीनच्या मेमरीतून पासवर्ड उचलून दुरुस्त केलेल्या मशीनमध्येही शिरत होता. म्हणजे कार्यालयातला एक जुना संगणक बाकीच्या चांगल्या संगणकांनाही गोत्यात आणतो.

विंडोज 7 ची नेहमीची सुरक्षा अपडेट 14 जानेवारी 2020 ला थांबली, विंडोज 10 ची 14 ऑक्टोबर 2025 ला. तरी ही मशीन चालू राहतात ती निव्वळ आळसामुळे नव्हे. मराठी टायपिंगसाठीच्या श्रीलिपी किंवा आयएसएमची जुनी आवृत्ती, तिचे डोंगल, पतसंस्थेचे पंधरा वर्षांपूर्वीचे खातेवहीचे सॉफ्टवेअर, नव्या विंडोजवर न चालणारा प्रिंटर अशी अडचण खरी असते. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा व्यवस्था लागते, तीही जुन्या मशीनमध्ये बहुधा नसते. पण अडचण खरी म्हणून त्याच मशीनवर इंटरनेट ठेवून लोकांची आधार कार्डे स्कॅन करणे समर्थनीय ठरत नाही. जुने सॉफ्टवेअर हवेच असेल, तर ते मशीन नेटवर्कपासून तोडावे आणि त्यावर टायपिंगपलीकडे काही करू नये.

म्हणून आपले सरकार सेवा केंद्रे, झेरॉक्स व सायबरची दुकाने, पतसंस्था, विकास सोसायट्या, दूध संस्था आणि शाळांची कार्यालये यांना आवाहन आहे, की प्रत्येक संगणकाची आवृत्ती आजच तपासावी. विंडोज आणि आर या कळा एकत्र दाबून 'विनव्हर' हा शब्द इंग्रजीत टाइप केला की ती दिसते. विंडोज 10 असेल तर वैयक्तिक वापरासाठीच्या वाढीव सुरक्षा अपडेटची मुदत 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतच आहे; संस्थांसाठी वेगळी सशुल्क योजना आहे. खर्च झेपत नसेल तर लिनक्स मोफत मिळते. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स गट आहे. दोन्ही जिल्ह्यांतील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी सुटीत गावोगावी अशी मशीन बदलून द्यावीत. प्रकल्पाच्या गुणांसाठी याहून उपयोगी काम शोधावे लागणार नाही.

अपडेटनंतर मशीन पुन्हा सुरू केल्याखेरीज नवा कर्नल लागू होत नाही. दिवसेंदिवस 'स्लीप'वर ठेवलेल्या संगणकावर दुरुस्ती उतरलेली असते, पण जुनाच कर्नल चालू असतो. तेव्हा रोज संध्याकाळी दुकान बंद करताना 'रीस्टार्ट' द्यावे. डिजिटल सहीचे टोकन काम झाल्याबरोबर काढून ठेवावे आणि क्रॅक केलेले सॉफ्टवेअर काढून टाकावे. अँड्रॉइड फोनमध्येही लिनक्सचाच कर्नल असतो, म्हणून बँकेचे ॲप ज्या फोनवर आहे त्याचे सुरक्षा अपडेट कोणत्या महिन्याचे आहे, हे सेटिंग्जमध्ये पाहावे.

दाखल्यासाठी जाणाऱ्या नागरिकांनीही केंद्रचालकाला एक प्रश्न जरूर विचारावा : या संगणकावर कोणते विंडोज आहे? उत्तर 'सात' असे आले तर कागद स्कॅन करायला देऊ नयेत, दुसरे केंद्र गाठावे. खात्यातून पैसे गेल्याचे दिसताच 1930 या क्रमांकावर लगेच फोन करावा.