ओझे तेच, गाडी दुसरी

मनमाड जंक्शनवर गाडी बदलली म्हणून डोक्यावरचे ओझे हलके होत नाही. एका क्रेडिट कार्डाची थकबाकी दुसऱ्या बँकेच्या कार्डावर नेण्याचेही, म्हणजे ‘बॅलन्स ट्रान्सफर’चेही, तसेच आहे. बँकेत उमेदीची वर्षे गेल्यामुळे मला त्यातली मेख दिसते.

थकबाकी ५०,००० रुपये आणि व्याज महिना साडेतीन टक्के धरा. व्याज १,७५०, त्यावर १८ टक्के जीएसटी ३१५. पाच टक्के ‘किमान रक्कम’ म्हणून २,५०० भरले, तर मुद्दल फिटते अवघे ४३५! वर्षाला ४२ टक्के! डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ३० टक्क्यांची मर्यादा घालणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा आदेश रद्द केला. तेव्हा लगाम आपल्याच हाती हवा.

नव्या कार्डावर काही महिने कमी व्याज लागते, हे खोटे नाही. पण शुल्क द्यावे लागते आणि मुदत सरली की दर पुन्हा चढतो. मुदतीत सारे फेडण्याची ऐपत असेल, तरच अर्ज करावा. आणि जुने कार्ड बंद करावे. बाकी शून्य असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बँकेने ते कामकाजाच्या सात दिवसांत बंद करायचे. न केल्यास ग्राहकाला दिवसाला ५०० रुपये द्यायचे. नाहीतर रिकाम्या कार्डावर पुन्हा दिवाळीची खरेदी होते आणि एका कर्जाची दोन होतात.