देवाच्या दरबारातील मध्यभाग

आज नाताळ. ख्रिस्ती बांधवांच्या घरोघरी दिवे लागले आहेत. आमच्या बहुतेक वाचकांच्या देवघरात येशूची तसबीर नाही. तरीही आजच्या दिवशी एका मराठी ख्रिस्तभक्ताचे स्मरण करणे आम्हांस उचित वाटते. त्याला आपल्या चर्चविषयी जो प्रश्न पडला, तो देवळाच्या पायरीवर उभ्या राहणाऱ्या कोणाही श्रद्धाळूस केव्हातरी पडतोच. हात जोडले जातात ते देवापुढे, की त्याच्याभोवती उभ्या राहिलेल्या व्यवस्थेपुढे?

नारायण वामन टिळक (लोकमान्यांहून हे निराळे) १८६१ साली कोकणात, ब्राह्मण कुळात जन्मले. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या धर्मांतराने लक्ष्मीबाईंच्या वाट्यास आलेला विरह 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यांस ठाऊक आहे. तो झाकून टिळकांचा गौरव करण्याचे कारण नाही. पुढे अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी वर्षानुवर्षे कार्य केले. मिशनने शाळा चालविल्या, दुष्काळात अनाथांस आसरा दिला, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु टिळकांच्या मनात एक शल्य राहिले. ख्रिस्ती होणे म्हणजे परकी राहणी उचलणे व मिशनच्या आधारावर जगणे, अशी समजूत दृढ होत चालली होती. जो गुरू अखेरच्या भोजनाच्या रात्री शिष्यांचे पाय धुवावयास वाकला, त्याच्याच मंडळीत वरचे आणि खालचे अशा पायऱ्या पडल्या होत्या.

तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो, अशी टिळकांची श्रद्धा होती. म्हणून त्यांनी अभंग, भजन व कीर्तन उपासनेत आणले. तेवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. १९१७ साली, वयाची पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. हाती पैसा नाही, पाठीशी संस्था नाही, आणि घरी संसार! दरबारात बाप्तिस्मा घेतलेल्यास आणि न घेतलेल्यासही स्थान होते. ख्रिस्तावर भक्ती असली म्हणजे पुरे. चर्चच्या दृष्टीने हे साहसच होते. बाप्तिस्म्याविना येशूचा शिष्य होता येते म्हटल्यावर सभासदांच्या नोंदवहीचे महत्त्व ते काय उरले?

मात्र यावरून टिळकांस सर्वधर्मसमभावाचे प्रचारक ठरविण्याची घाई आपणही करू नये. येशू त्यांच्या लेखी अनेक सत्पुरुषांपैकी एक नव्हता, तो त्यांचे सर्वस्व होता. मध्यभागाविषयी मन निःशंक होते, म्हणूनच त्यांस दारे उघडी ठेवण्याचे भय वाटले नाही.

९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले. त्यांच्यामागे दरबार फार काळ चालला नाही. त्यांची भजने मात्र मराठी चर्चमध्ये आजही गायिली जातात. येशूचे चरित्र सांगणारे 'ख्रिस्तायन' हे त्यांचे महाकाव्य अपुरे राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.