गोल्ड मेडल? कशात?

मराठी विभागात लिहायची ही माझी पहिलीच वेळ. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची बोंब आहे, वाचकांनी सांभाळून घ्यावं!

मागच्या वर्षी माझी मावसबहीण एम.एड.ला विद्यापीठात पहिली आली. मेसमध्ये मी ही बातमी सांगितली. "गोल्ड मेडल? कशात?" "एम.एड." "अच्छा..." संपलं! सगळे परत प्लेसमेंटवर. खरं सांगायचं तर मला रागही आला नाही, उलट उगाच सांगितलं असं वाटलं. तिच्या पदवीदान समारंभालाही मी गेले नाही. सबमिशन आहे म्हणाले. सबमिशन त्या दिवशी नव्हतंच.

दिवाळीत ताईकडे तिच्या बी.एड.च्या टाचणवह्या हाती लागल्या. एकेका तासासाठी चार-चार पानं! अपूर्णांकांच्या पाठाला भाकरीचे तुकडे, खाली निरीक्षकांचा लाल शेरा आणि समासात ताईच्या अक्षरात, "मागच्या बाकावरच्या दोघींना छेद कळला नाही. उद्या पुन्हा."

मित्रांनो, याला आपण डीबगिंग म्हणतो! फरक इतकाच की प्रोग्रॅम निदान एरर तरी दाखवतो. मूल मात्र काही न कळताही मान डोलावतं.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवलेले रणजितसिंह डिसले गुरुजी सर्वांना माहीत आहेत. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, १० लाख डॉलर! त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर ९ शिक्षकांना वाटून दिली. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणणारे हे गुरुजी आधी इंजिनीअरिंगलाच होते. ते अर्धवट सोडून शिक्षक व्हायचं शिक्षण घ्यायला गेले. त्या दिवशी ते आपल्या मेसमध्ये असते तर आपण काय म्हणालो असतो? "अच्छा..." असंच ना?

माझं म्हणणं एवढंच, की शिक्षकाचा सन्मान करायला जागतिक पुरस्काराची वाट कशाला बघायची? तो शिकत असतानाच का नाही करायचा? ५ सप्टेंबरला आपण शाल-श्रीफळ देतो, दोन भाषणं ऐकतो आणि कँटीन गाठतो. त्याऐवजी जवळच्या अध्यापक महाविद्यालयात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला किंवा विद्यार्थिनीला आपल्याकडे बोलवा. हातात खडू द्या, चाळीस मिनिटं द्या आणि आपण सगळे बाकावर बसू. आमचे सरसुद्धा! ज्याला शिकवता येतं त्याला शिकवू देणं, यापेक्षा मोठा सत्कार कोणता?

ताईला मी फोन करून सबमिशनचं खरं काय ते सांगून टाकलं. ती हसली आणि म्हणाली, "मला माहीत होतं गं. मान डोलावणारी मुलं मला ओळखू येतात."