शिकवणाऱ्या पोरांची दक्षिणा द्या!

गेल्या वर्षी मेहुण्याकडच्या लग्नाला लांजीला गेलो होतो. लांजी मध्य प्रदेशात, बालाघाट जिल्ह्यात. गोंदियाला गाडीतून उतरायचं आणि पुढे रस्त्याने जायचं. १९५६ पर्यंत हा भाग आणि विदर्भ एकाच राज्यात होते. त्यामुळे मांडवात मराठी भरपूर, शिक्षण मात्र हिंदीत. तिथे बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा एक पोरगा पहिल्या वर्षाच्या दोघांना कोपऱ्यात घेऊन बसला होता. पुस्तक हिंदी, समजावणं मराठीत.

"कॉलेजने नेमलंय का रे तुला?"

"नाही काका. यांना जिथे अडतं, तिथे मलाही अडलं होतं."

मी गप्प झालो. कारण महिन्यापूर्वीच मी माझ्या मुलीला याच कामापासून परावृत्त केलं होतं. तिच्या कॉलेजात ज्युनिअर मुलांना शिकवायला 'पीअर ट्यूटर' हवे होते. मानधन नाही, गुणपत्रिकेवर नोंद नाही. "लष्कराच्या भाकऱ्या कशाला भाजतेस? आधी स्वतःचा अभ्यास बघ," असं मीच म्हणालो होतो.

हे म्हणणारा मी कोण? चौथीपर्यंत मराठीत शिकलेला आणि पाचवीत इंग्रजीत ढकललेला, आपल्यापैकी अनेकांसारखाच. कॉलेजात तर्कशास्त्राने माझी दांडी उडवली. प्राध्यापक विद्वान होते, पण न समजणं म्हणजे काय, हे ते विसरले होते. डिचोली-पणजी कदंबाच्या बसमध्ये वर्षभराने पुढे असलेल्या एका मित्राने ते मला मराठी-कोंकणीच्या मिश्रणात समजावलं. मी पास झालो. आज कारकुनीची भाकरी खातो, ती त्या बसमधल्या शिकवणीची आहे.

काही शहाणे म्हणतात, विद्यार्थी काय शिकवणार? आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं! मंडळी, आपल्या पंतोजींच्या शाळेत मोठी मुलं धाकट्यांना गिरवायला शिकवत, तेव्हा असं कुणी म्हणत नव्हतं. मद्रासजवळ देशी शाळेतली मुलं वाळूत अक्षरं गिरवताना अँड्र्यू बेल या स्कॉटिश साहेबाने पाहिली, आपल्या अनाथालयात मुलांकडूनच मुलांना शिकवलं आणि १७९७ मध्ये त्यावर लंडनमध्ये पुस्तक काढलं. इंग्लंडने ती 'मद्रास पद्धती' म्हणून उचलली. म्हणजे आपली धूळपाटी साहेबाच्या हातून फिरून 'पीअर ट्यूटर' म्हणून परत आली आहे.

आणि फुकट? पेशवे श्रावणात दक्षिणा वाटत. इंग्रजांच्या काळात त्याच निधीतून 'दक्षिणा फेलो' नेमले गेले. न्यायमूर्ती रानडे एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत असतानाच असे फेलो होते. स्वतः शिकायचे, खालच्यांना शिकवायचे आणि त्याचे पैसे घ्यायचे. यात कुणाला कमीपणा वाटला नाही. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मात्र शाळांमधल्या अशा शिकवण्याला स्वेच्छेचं, आनंदाचं काम म्हणतं. आनंद हवाच, पण आनंदावर बसचा पास निघत नाही.

सरकारी फायलींत आयुष्य घालवलेला माणूस म्हणून आणखी एक सांगतो. फुकटचं काम मिळालं की रिकामी पदं भरायची निकड संपते. आज पोरं फुकट शिकवतील, उद्या तासिका तत्त्वावरचे शिक्षकही नकोत म्हणतील! म्हणून विद्यार्थी-शिक्षक हा प्राध्यापकाच्या जागी नको, जोडीला हवा. गोवा विद्यापीठाने आणि कॉलेजांनी त्याला लेखी नेमणूक द्यावी, तासाचं मानधन द्यावं, गुणपत्रिकेवर नोंद करावी. आणि मुख्य म्हणजे त्याला मराठीतून, कोंकणीतून समजावायची उघड मुभा द्यावी. नाहीतर तेच इंग्रजी दुसऱ्या तोंडून ऐकण्यात काय हशील?

लांजीहून परतल्यावर मुलीला म्हटलं, "जा, शिकव. पण आधी नेमणुकीचं पत्र माग."

ती हसली. "बाबा, मी तर कधीच सुरू केलंय."

तिने केलं ते ठीकच. पण पत्र मी मागणारच आहे.